ओपीडीच्या नोंदवहीत न दिसणारा बालदमा

दिंडोरी तालुक्यातील एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. बीएएमएस झाल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून या पदावर आलेल्या आमच्यासारख्यांचा बहुतेक वेळ रक्तदाब-मधुमेहाच्या तपासण्या, गरोदर माता, लसीकरणाचा दिवस आणि ऑनलाइन नोंदी यांत जातो. लहान मुलांचा खोकला रोजच समोर येतो, परंतु तो ‘न्यूमोनिया आहे की नाही’ एवढ्या एकाच प्रश्नाच्या रूपाने येतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की विषय तिथेच संपतो. त्यामुळे बालदम्यावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी नाशिकला प्रशिक्षण असून त्यासाठी माझे नाव गेले आहे, असा निरोप प्राथमिक आरोग्य केंद्रातून आला, तेव्हा आमच्या आरोग्य सेविका हसून म्हणाल्या, “मॅडम, दमा तर डॉक्टर बघतात, आपण काय करणार त्यात?” प्रशिक्षणाला जाताना माझ्या मनातही साधारण तोच प्रश्न होता.

आमच्या तुकडीत आरोग्य सेविका, स्टाफ नर्स, शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासणाऱ्या आरबीएसके पथकातील डॉक्टर, गटप्रवर्तक आणि एक औषध निर्माण अधिकारी, असे सगळे मिसळलेले होते. सुरुवात पूर्वचाचणीने झाली. चूक की बरोबर एवढेच सांगायचे होते. ‘पंपाची (इन्हेलरची) सवय लागते’, ‘छातीतून शिटीसारखा आवाज येत नसेल तर दमा नाही’, ‘दमा असलेल्या मुलाला मैदानी खेळांपासून दूर ठेवावे’, ‘मुलाला बरे वाटू लागले की रोजचे औषध थांबवावे’, अशी ती विधाने होती. प्रशिक्षक बालरोगतज्ज्ञांनी कोणाचेही गुण वाचून दाखवले नाहीत. कोणत्या विधानावर वर्गात फूट पडली, तेवढेच सांगितले. खेळांच्या विधानावर जवळजवळ सगळे एकमत होते. पंपाच्या सवयीवर मात्र वर्गाचे सरळ दोन भाग झाले होते आणि ‘सवय लागते’ म्हणणाऱ्यांत निम्मी हयात नोकरीत घालवलेल्या सिस्टर होत्या. त्यांच्यापैकी एकींनी उठून सांगितले की कागदावर काय लिहायचे ते आम्हाला कळते, पण स्वतःच्या नातवाला पंप सुरू करायची वेळ आली तर मी आधी सिरपच देऊन पाहीन. त्या दिवसभरात ऐकलेल्या उत्तरांत मला हे उत्तर सर्वांत मोलाचे वाटले, कारण त्यानंतर वर्गात कोणीही पुस्तकी बोलले नाही.

त्या सिस्टरांना उत्तर प्रशिक्षकांनी दिले नाही, औषध निर्माण अधिकाऱ्यांनी दिले. ते फळ्यापाशी गेले आणि त्यांनी हिशेब मांडला. सालब्युटामॉलच्या ५ मिली सिरपमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम औषध असते; पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे एक चमचा सिरप पाजले की वीस वेळा पंप दाबल्याइतके औषध पोटात जाते, तिथून रक्तात मिसळून सगळ्या अंगभर फिरते, काळजाचे ठोके वाढवते, हातांना कंप आणते आणि एवढे करून श्वासनलिकांपर्यंत उशिराच पोहोचते. पंपातले औषध श्वासावाटे थेट श्वासनलिकेत उतरते, म्हणून ते इतके थोडे पुरते आणि काही मिनिटांत आराम पडतो. पंप जालीम आणि सिरप सौम्य, ही समजूत आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षे पालकांच्या तोंडून ऐकली होती आणि मान हलवून सोडूनही दिली होती. फळ्यावरची ती दोन ओळींची आकडेमोड त्या समजुतीपुढे मांडायला फार सोपी आहे आणि मी आता ती ओपीडीत कागदाच्या कपट्यावर करून दाखवते.

त्यानंतर दोन पंपांतला फरक आला. दम्यात श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला सूज असते, भोवतीचे स्नायू आवळले जातात आणि चिकट स्राव साठतो. निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, आवळलेले स्नायू सैल करतो. सुजेवर त्याचा उपाय चालत नाही. सूज उतरवते ते श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, आणि ते मूल खेळते-हसते असतानाही नियमाने घ्यावे लागते. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’, म्हणजे ‘जिना’, या १९९३ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने २०१९ पासून बारा वर्षे आणि त्यापुढील वयासाठी नुसत्या निळ्या पंपावर भागवू नये, अशी भूमिका घेतली. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ज्या ज्या वेळी निळा पंप लागेल त्या त्या वेळी सोबत स्टेरॉइडचा पंप द्यावा किंवा त्रासाच्या प्रमाणात तो रोज चालू ठेवावा, आणि पाच वर्षांखालील मुलांना त्रास वारंवार होत असेल तर कमी मात्रेत रोज द्यावा, असे त्यांचे सांगणे आहे. ‘स्टेरॉइड’ हा शब्द उच्चारताच वर्गात कुजबुज झाली. उंची खुंटते का, असे कोणीतरी विचारले. प्रशिक्षकांनी उत्तर टाळले नाही: सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत उंचीत साधारण एका सेंटिमीटरपर्यंत फरक पडू शकतो, तो पुढे वाढत जात नाही, आणि आटोक्यात नसलेला दमाही मुलाची वाढ रोखतोच. पंप घेतल्यावर चूळ भरायला लावली, की तोंडात बुरशी येण्याचा त्रासही बव्हंशी टळतो. आईवडिलांना सांगताना हा एक सेंटिमीटर लपवू नये, असे माझे मत त्या चर्चेनंतर पक्के झाले. बाहेरून त्यांना ते कळले तर पंप त्याच दिवशी कपाटात जातो.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाच्या हातात एक रिकामा पंप आणि एक स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, देण्यात आला, समोर कापडी बाहुली ठेवली आणि शेजारणीने आपल्या कृतीवर यादीप्रमाणे खुणा करायच्या, असे ठरले. पूर्वचाचणीत भराभर उत्तरे देणारे हात इथे अडखळले. कोणी पंप हलवायलाच विसरले. कोणी वेळ वाचवण्यासाठी दोन दाब एकदमच सोडले. एका स्टाफ नर्सने सगळे क्रमाने केले, परंतु मास्क बाहुलीच्या नाकावर टेकला असला तरी हनुवटीपाशी बोटभर फट राहिली होती आणि तेवढ्या फटीतून औषध बाहेर जाते, हे तिला आरशात पाहिल्यावर पटले. बरोबर पद्धत सांगायला सोपी आहे: पंप हलवायचा, स्पेसरला जोडायचा, चार वर्षांखालच्या मुलाला मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायचा, एकच दाब द्यायचा, मुलाचे पाच-सहा श्वास मोजायचे, मग अर्धा-एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवून दुसरा दाब द्यायचा. मोठ्या मुलाला मास्क काढून तोंडात नळी धरायला लावायची. रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात औषध फारच कमी पोहोचते, म्हणून मुलाला आधी आईच्या मांडीवर शांत करायचे, मास्क हातात घेऊन खेळू द्यायचे. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा आणि न पुसता तसाच वाळत ठेवावा, कारण फडक्याने घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण आतल्या भिंतीलाच चिकटतात; हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. उलट, स्पेसर फडक्याने लखलखीत पुसून ठेवणे हीच आमची स्वच्छता होती.

स्पेसर मिळाला नाही तर काय, हा प्रश्न पेठ-सुरगाण्याकडच्या सहकाऱ्यांनी लगेच विचारला. त्यावर प्रशिक्षकांनी अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली काढली. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र दम्याच्या मुलांवर अशी घरगुती साधने तपासली होती आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पंपाच्या तोंडाभोवती नीट हवाबंद केलेली ५०० मिलीची बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली, थर्माकोलचा पेला मात्र बराच मागे पडला. पंपाच्या तोंडाच्या आकाराची तार तापवून बाटलीच्या बुडाला भोक पाडायचे, पंप त्यात बसवून कडेने चिकटवायचे आणि बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत द्यायचे. आम्ही प्रत्येकीने एकेक बाटली केली. माझी वाकडी झाली, पण हवाबंद होती.

दुसऱ्या टप्प्यात आम्हाला बालरुग्ण विभागात नेण्यात आले आणि आमच्या ज्ञानाचा खरा सांधा कुठे निखळलेला आहे, ते तिथे दिसले. श्वास मोजणे आम्हाला उत्तम येते. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वास, हे झोपेतून उठवून विचारले तरी आमच्यापैकी कोणीही सांगेल. २०१९ मध्ये केंद्र सरकारने न्यूमोनियासाठी ‘सांस’ मोहीम सुरू केली, तेव्हापासून तर यावर आणखी भर आहे. तिथे तीन वर्षांचा एक मुलगा आईच्या खांद्यावर होता. “रात्रीपासून पोट उडतंय याचं,” असे आई सांगत होती. आम्ही पूर्ण एक मिनिट मोजले. श्वास चाळीसच्या बराच वर होता आणि बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. आमच्यातल्या बहुतेकींनी मनातल्या मनात न्यूमोनियाचा रकाना भरला होता. डॉक्टरांनी श्वास सोडताना येणारी शिटी स्टेथोस्कोपमधून आम्हाला एकेक करून ऐकवली आणि पंप-स्पेसरने औषध सुरू केले. घरघर असेल, तर वीस-वीस मिनिटांच्या अंतराने तीन वेळांपर्यंत असे औषध देऊन पाहायचे, पुन्हा श्वास मोजायचे, पुन्हा छाती पाहायची आणि मगच वर्गीकरण करायचे, ही पायरी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तक्त्यात लिहिलेली आहे. आम्ही ती वाचलेली होती, पण कधी होताना पाहिलेली नव्हती. दुसऱ्या खेपेनंतर त्या मुलाने आईच्या खांद्यावरून मान उचलली आणि बिस्किट मागितले.

याच विभागात धोक्याची लक्षणेही शिकवण्यात आली, आणि त्यांतले एक मला विशेष सांगावेसे वाटते. श्वासनलिका फारच आवळल्या गेल्या की हवा इतकी कमी आतबाहेर होते की शिटीसुद्धा वाजत नाही. मूल धापा टाकत असताना छाती शांत लागली, तर तो सुधारल्याचा पुरावा मानू नये. वाक्य पुरे न करता येणे, पाणी पिता न येणे, ओठ निळसर दिसणे, झापड येणे, यांच्या बरोबरीने ही शांत छातीही तातडीने १०८ बोलावण्याचे कारण आहे, आणि गाडी येईपर्यंत पंप चालूच ठेवायचा असतो.

त्यानंतर डॉक्टरांनी त्या मुलाच्या आईला जे विचारले, ते आमच्या कोणत्याही नोंदवहीत विचारलेले नाही. याआधी असे कितीदा झाले? सर्दी नसताना, पळाल्यावर किंवा खूप हसल्यावर खोकला येतो का? पहाटे खोकल्याने उठतो का? घरात कोणाला दमा, इसब, सतत शिंका येण्याचा त्रास आहे का? गेल्या चार आठवड्यांत किती दिवस त्रास झाला? आईने सांगितले की दिवाळीत झाले होते, पावसाच्या तोंडावर झाले होते, त्याआधीही झाले होते, आणि प्रत्येक वेळी ‘कफ झालाय’ म्हणून औषध मिळाले होते. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातील पाहणीचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आकडा प्रशिक्षकांनी आदल्या दिवशी दाखवला होता: गेल्या वर्षभरात छातीत शिटी वाजल्याचे सांगणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांना दम्याचे निदान झालेलेच नव्हते. तो आकडा कसा तयार होतो, ते त्या आईच्या उत्तरांत ऐकू आले. आम्ही सगळे ‘आत्ता श्वास कसा आहे’ हे विचारायला शिकलेलो आहोत. दमा मात्र दोन भेटींच्या मधल्या दिवसांत ओळखावा लागतो, आणि त्या दिवसांची विचारपूस कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

उपकेंद्रात परतल्यावर मी पहिल्यांदा जुन्या नोंदवह्या काढल्या. आमची ओपीडीची नोंदवही तारखेप्रमाणे चालते. एका भेटीला एक ओळ, आणि तक्रारीच्या रकान्यात ‘ताप-खोकला’, ‘सर्दी’ किंवा ‘एआरआय’ (श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग). आरोग्य सेविका नावे वाचत होत्या आणि मी दोनशे पानी कोऱ्या वहीत एका मुलाला एक पान, या हिशेबाने उतरवत होते. काम वाटले त्याहून किचकट निघाले, कारण एकच मुलगा एकदा घरच्या लाडक्या नावाने, एकदा अंगणवाडीतल्या नावाने, तर एकदा नुसता बापाच्या नावाने लिहिलेला होता. आशाताई शेजारी बसल्या नसत्या, तर निम्मी पाने जुळली नसती; “ही तीच, वरच्या वस्तीवरची, हिच्या आईचं माहेर सुरगाण्याचं,” असे त्या सांगत गेल्या. तारखेच्या वहीत विखुरलेली तीच तीच मुले आता एकेका पानावर ओळीने उभी राहिली. एका मुलीच्या पानावर तर माझे, सेविकेचे आणि बदलीवर आलेल्या एका सिस्टरचे, अशी तीन हस्ताक्षरे होती आणि तिन्हींत उपचार एकच: सिरप, तीन दिवस.

महिने पाहिल्यावर आमच्या भागाचे वर्षही त्यांत दिसले. शाळा आणि पाऊस एकदम सुरू होतात तेव्हा सर्दीची साथ येते. लहान मुलांत दम्याची उचल होण्याचे सर्वांत मोठे निमित्त साधी विषाणूजन्य सर्दीच असते. पुढे ऑक्टोबरची द्राक्षछाटणी, वेलींवरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी, दिवाळीचे फटाके आणि मग थंडी. छाटणीला सुरगाणा-पेठकडून मजूर कुटुंबे येतात, बागेच्या कडेच्या खोलीत चूलही तिथेच आणि मुलांचे अंथरूणही तिथेच. तुकडीतल्या एका सहकारी बाईंनी त्यांच्या पश्चिम भागातल्या, भाताच्या रोपासाठी राब भाजण्याच्या दिवसांत धुराने मुले कशी उबळून खोकतात, ते सांगितले होते. कारणे गावागणिक वेगळी आहेत, आणि ती तिथल्याच कर्मचाऱ्याला ठाऊक असतात.

वारंवार दिसलेली मुले मी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्यामार्फत बालरोगतज्ज्ञांकडे पाठवली. सगळी दम्याची निघाली नाहीत, आणि तशी अपेक्षाही नव्हती. दोन आठवड्यांहून अधिक खोकला आणि घटलेले वजन असलेल्या एका मुलाला क्षयाच्या तपासणीसाठी पाठवावे लागले. ज्यांना पंप सुरू झाला, त्यांच्या घरी जाण्याचे काम उरले. एका आजींनी मला उंबऱ्यातच विचारले, “मॅडम, पंप म्हातारपणी लागतो. एवढ्याशा पोराला आत्ताच लावला, तर पुढं त्याला काय राहील?” मी म्हटले, “आजी, आधी एक चमचा सिरप आणि हा पंप, यांचा हिशेब बघू.” हिशेब त्यांनी ऐकला, पटल्याचे सांगितले नाही, परंतु संध्याकाळचे दाब मोजण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली, आणि त्या मुलाचा पंप आजवर चुकलेला नाही.

पुरवठ्याची अडचण मोठी आहे. निळा पंप बऱ्याचदा मिळतो. रोजचा पंप संपतो तेव्हा तो पुन्हा येईपर्यंत मूल बरे दिसत असते, त्यामुळे त्याची घाई कोणालाच नसते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मागणीपत्रात त्याची स्वतंत्र ओळ घातली आहे आणि मासिक बैठकीच्या दिवशी पंप घेऊन जायचे, असे ठरले आहे. मजूर कुटुंबांसाठी मी एका पुठ्ठ्यावर मुलाचे नाव, दोन्ही पंपांची चित्रे, किती दाब आणि कधी, हे लिहून देते. कुटुंब गावी परतले की तिकडच्या सिस्टरने ते पाहावे, एवढीच त्यामागची अपेक्षा. काही पुठ्ठे तिकडे दाखवले गेले, काही घरातच राहिले. आरबीएसकेच्या यादीत श्वासनलिकांच्या अतिसंवेदनशीलतेचा आजार आधीपासूनच आहे, म्हणून पथक अंगणवाडीत येते त्या दिवशी मी माझी दोनशे पानी वही त्यांच्यापुढे ठेवते.

प्रशिक्षणाच्या उत्तरचाचणीत आमच्या तुकडीला चांगले गुण मिळाले होते. काही महिन्यांनी आशांच्या बैठकीत मी स्पेसर आणि बाहुली घेऊन तीच यादी पुन्हा चालवली, तेव्हा पंप हलवणे आणि दोन दाबांमध्ये थांबणे, या दोन पायऱ्या पुन्हा गळू लागल्याचे दिसले. म्हणून आता प्रत्येक बैठकीत एकेकीची पाळी असते आणि त्यात मीही असते. गेल्या बैठकीत एका आशाताईंनी विचारले की, पंप घेणारा त्यांच्या वस्तीवरचा मुलगा शाळेत कबड्डी खेळायला लागला आहे आणि गुरुजी त्याला बसवून ठेवतात, तर गुरुजींना काय सांगायचे. तेव्हा शाळेत जाऊन निळा पंप कुठे ठेवायचा, खेळाआधी द्यायचा की नाही आणि धाप लागली तर किती दाब, हे डॉक्टरांच्या सहीने लिहून द्यायचे ठरले आहे. तो कागद सध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर आहे.